माळ्यावरच्या दोनशे वीस ट्रंका

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मी प्रुफाची पुढची पीडीएफ उघडायला गेले आणि ती उघडेचना. दोनदा क्लिक केलं, चारदा केलं. आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्या व्यवस्थित चालत होत्या, टाइप करता येत होतं, पण नवीन म्हणून काही उघडायला तयार नव्हतं. आज्ञा टाइप करायचं एक टर्मिनल सुदैवानं उघडं होतं. त्यातून पीडीएफचा प्रोग्रॅम चालवला तर इंग्रजीत दोन ओळी आल्या. क्लायंटची, म्हणजे पडद्याशी जोडलेल्या प्रोग्रॅमची, कमाल संख्या गाठली, आणि डिस्प्ले उघडता येत नाही. त्याआधी तासभर लॅपटॉप घाटात दमलेल्या एसटीसारखा चालत होता, त्यामुळे मला वाटलं, मेमरी संपली असणार, म्हणून खिडकी उघडत नाही. चिडून लॉगआउट केलं, परत आत आले, सगळं लख्ख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर पुन्हा रखडायला लागला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच दोन वाक्यं.

त्या दोन वाक्यांतलं पहिलं मी तेव्हाच नीट वाचलं असतं तर पुढचे पंधरा दिवस वाचले असते. दुसऱ्याच्या मजकुरातला निसटलेला अनुस्वार पकडण्याचे मला पैसे मिळतात, हे इथेच सांगून टाकते.

आधी यंत्राची ओळख. २०१६ सालचा सेकंडहँड लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स इंटेलच्या प्रोसेसरमध्येच बसवलेलं. घरी काम करताना शेजारी आणखी एक मॉनिटर जोडते, कारण एका पडद्यावर मूळ प्रत आणि दुसऱ्यावर प्रूफ असलं की मान कमी दुखते. दोन्ही पडदे १९२० बाय १०८० चे. त्यावर लिनक्सचं डेबियन १२, खिडक्या सांभाळायला ओपनबॉक्स, आणि खिडक्यांच्या सावल्या वगैरे नीट दिसाव्यात म्हणून पिकॉम. गनोम किंवा केडीईसारखा जड डेस्कटॉप घालण्याइतकी या म्हाताऱ्याची उमेद नाही. सांगलीतल्या एका पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मी २२ वर्षं काढली, त्यामुळे काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं दिसली की मी घाबरत नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते याच आत्मविश्वासानं घडलं.

मेमरी कोण खातंय हे बघायला आपण पहिल्यांदा एचटॉप उघडतो. मीही उघडलं. ब्राउझर अडीच जीबी, त्याची सवयच आहे. लिबरऑफिस साडेतीनशे एमबी. एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर सगळं रंगवणारा तो मधला कारभारी, दीडशेच्या आसपास. बाकी चिल्लर. सगळ्यांची बेरीज ओढूनताणून चार जीबीच्या आत. आणि वर मेमरीची पट्टी मात्र साडेसातच्या पुढे गेलेली, स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, तीही अर्धी भरलेली. साडेतीन जीबी गेले कुठे? घरातल्या प्रत्येकाचा खिसा तपासावा, सगळ्यांचे पैसे बरोबर निघावेत, आणि तिजोरी मात्र रिकामी असावी, तसं झालं.

बंगळूरला असलेल्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मावशीचा फोन लॅपटॉपबद्दल असला की कामाच्या वेळातही उचलतो.

"अगं मावशी, बफ-कॅशचा रकाना मोठा दिसतोय ना? तो तसाच असतो. लिनक्स मोकळी रॅम डिस्कवरच्या फायली साठवायला वापरतं, गरज लागली की सोडतं. तू उगाच घाबरतेस."

"गरज लागली म्हणूनच स्वॅप भरतोय ना रे?"

"ब्राउझर बंद करून बघ."

बघितलं. अडीच जीबी सुटले, ते त्याचे होतेच. साडेतीन जीबी तिथेच. मग भाच्यानं गनोम शेलची आठवण काढली. २०१८ साली तिची मेमरीगळती फार गाजली होती, टाकाऊ वस्तू गोळा करणाऱ्या यंत्रणेला एकेक वस्तू सोडायला फेऱ्यांवर फेऱ्या लागत होत्या आणि तोवर ढीग वाढत होता. शेवटी जॉर्जेस स्टावराकास यांनी ती शोधून बुजवली. माहिती चांगली होती, पण माझ्याकडे गनोम नाहीच, हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तुझं काहीतरी वेगळंच असणार," आणि मीटिंगला गेला. बरोबरच म्हणाला.

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कॅश रिकामी करायला सांगायची एक सोय असते. प्रॉक या फोल्डरच्या पोटात ड्रॉप कॅशेस नावाची फाइल असते, तिच्यात रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊन ३ हा आकडा लिहायचा. मी लिहिला. भाच्याचं म्हणणं खरं असतं तर कॅश जवळपास शून्यावर यायला हवी होती. ती थोडी उतरली आणि साडेतीन जीबीपाशी हट्टानं उभी राहिली. तेव्हा कुठे मी मेमइन्फो ही मेमरीच्या हिशेबाची फाइल वरून खाली ओळीनं वाचली, आणि शेमेम या ओळीवर बोट थांबलं. साडेतीन जीबी. हरवलेले पैसे सापडले, फक्त ज्याच्या खिशात सापडले त्याला चेहरा नव्हता.

शेमेम म्हणजे शेअर्ड मेमरी. कर्नल ती हिशेबात कॅशमध्येच धरतो, म्हणून वरवर बघणाऱ्याला ती निरुपद्रवी कॅश वाटते. पण साध्या कॅशमागे डिस्कवरची फाइल असते, त्यामुळे ती बिनधास्त फेकून देता येते, लागली तर पुन्हा वाचता येते. शेमेममागे डिस्कवर काही नसतं. ती फेकता येत नाही, फार तर स्वॅपमध्ये ढकलता येते. माझा स्वॅप का भरत होता ते कळलं.

आता शेमेममध्ये जमा काय काय होतं? एक, रॅममध्येच राहणाऱ्या फाइलसिस्टिम. त्या सगळ्या तपासल्या, मिळून वीस एमबीही नव्हतं. दोन, प्रोग्रॅम एकमेकांशी वाटून घेतात ती मेमरी. तीही किरकोळ. आणि तिसरी गोष्ट, जी मला पूर्वी वाचलेली पण विसरलेली होती. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं. ही उचल जेम नावाच्या यंत्रणेतून होते, ती २००८ च्या डिसेंबरात आलेल्या २.६.२८ या कर्नलपासून आहे, आणि ती जी पानं घेते ती शेमेममध्ये मोजली जातात. ज्या प्रोग्रॅमसाठी घेतली त्याच्या नावावर एचटॉपमध्ये ती दिसतीलच असं नाही. म्हणजे चेहरा नसलेला खिसा तो हाच. इंटेलचा ड्रायव्हर डीबगच्या फोल्डरात एक फाइल ठेवतो, त्यात अशा वस्तू किती आणि त्यांचे बाइट किती हे एका ओळीत लिहिलेलं असतं. रूट होऊन ती वाचली. साडेतीन अब्जाहून जास्त बाइट.

गळती ग्राफिक्सची आहे एवढं नक्की झालं, आणि माझा संशय लगेच पिकॉमवर गेला. खिडक्यांची चित्रं एकत्र जोडून पडदा बनवणं हेच त्याचं काम, मग तोच खात असणार. बिचाऱ्याला मी तीन दिवस छळलं. त्याची रंगवायची पद्धत बदलली, सावल्या काढल्या, शेवटी त्याला बंदच केलं. बंद केल्यावर शंभरेक एमबी सुटले, आणि नंतर वाढ पूर्वीच्याच गतीनं सुरू. ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं. काही नाही. जुना कर्नल निवडून मशीन चालू केलं. काही नाही. एकेक प्रोग्रॅम मारत गेले, शेवटी रिकामा पडदा आणि एक टर्मिनल उरलं, तरी शेमेम हलेना. आणि लॉगआउट केलं की एका क्षणात सगळं मोकळं. ओपनबॉक्समधून लॉगआउट म्हणजे माझ्याकडे एक्स सर्व्हरही बंद होतो. म्हणजे माल त्याच्याकडे होता. पण तो तर दीडशे एमबीचा साधाभोळा कारभारी!

इथे गौरी-गणपती आले. दर वर्षी मी चिपळूणला माहेरी जाते, आणि दिवाळी अंकाचं काम त्यासाठी थांबत नाही, म्हणून लॅपटॉप बरोबर. निघायच्या आदल्या दिवशी एक शहाणपण केलं. क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची यादी, उघडून शेवटी एक ओळ टाकली, दर मिनिटाला वेळ आणि शेमेमचा आकडा एका फाइलीत लिहायची. अंदाज बांधून दमले होते, म्हटलं आता आकडेच बोलू देत.

ती ओळ टाकताना तिच्या बरोबर वर दुसरी एक ओळ होती. माझीच. मी तिच्याकडे बघितलं आणि फाइल सेव्ह केली.

चिपळूणला आरत्या, मोदक, पावसाची झड, आणि दुपारी सगळे लवंडले की पडवीत माझी प्रुफं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा क्लायंटच्या संख्येवर अडला, पण गंमत म्हणजे या वेळी तो रखडला नव्हता. मेमरी अजून बऱ्यापैकी मोकळी होती. लॉगची फाइल उघडली आणि आकडे एकाखाली एक वाचायला लागले. पाच मिनिटं आकडा जवळजवळ स्थिर, मग उडी. पाच मिनिटं स्थिर, मग उडी. घड्याळाच्या काट्यावर, पाच, दहा, पंधरा, वीस. सांगलीतल्या आदल्या दिवसाच्या नोंदींत प्रत्येक उडी सुमारे १६ एमबीची. चिपळूणच्या नोंदींत सुमारे ८ ची.

पाच मिनिटं म्हटल्यावर मी लिबरऑफिसच्या मानगुटीवर बसले. आमच्याकडे लाइट कधीही जाते, म्हणून आपोआप सेव्ह करायची वेळ मी पाच मिनिटांवर आणून ठेवली आहे. दुपारभर लिबरऑफिस बंद ठेवून कागदावरची प्रुफं बघितली. पायऱ्या चढतच होत्या. तोही सुटला.

मग बसले त्या ८ आणि १६ पाशी. सांगली आणि चिपळूणमध्ये फरक काय? नेट वेगळं, लाइट वेगळी, आणि, हो, मॉनिटर सांगलीत टेबलावर राहिलेला. तिथे पडदे दोन, इथे एक. गळती दुपटीनं होत होती ती पडदा दुप्पट असताना. प्रुफाच्या कागदाच्या मागेच गुणाकार केला. १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. ८२,९४,४००. १०२४ नं भागले तर ८१०० केबी, अगदी नेमके, अपूर्णांकसुद्धा नाही. जे काही गळत होतं ते एका आख्ख्या पडद्याएवढं चित्र होतं. दर पाच मिनिटांनी एक, आणि कुणी ते परत करत नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याच लॉगमध्ये होती. चढण कायम चालत नव्हती. एका ठिकाणी येऊन पायऱ्या थांबायच्या आणि रेघ सपाट व्हायची, बरोबर नवीन खिडक्या उघडेनाशा व्हायच्या त्याच वेळी. आदल्या वेळी शेवटाला शेमेम साडेतीन जीबीवर होता, इथे दोन जीबीच्या थोडा वर. उंची बरीच कमी, पण पायऱ्या मोजल्या तर दोन्हीकडे जवळपास सारख्याच, दोनशे वीसच्या आसपास. मेमरी संपल्यामुळे खिडक्या अडत असत्या तर थांबा एकाच उंचीवर आला असता. इथे थांबा पायऱ्यांच्या संख्येवर होता. क्लायंटची कमाल संख्या गाठली, असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होतं, आणि मी त्याला मेमरी संपल्याचं लक्षण समजून बसले होते.

एक्स सर्व्हर एका वेळी साधारण २५६ जणांना दारात घेतो, त्यात एक जागा त्याची स्वतःची. माझ्याकडे नेहमीचे पस्तीसेक. २५५ वजा ३५. दोनशे वीस.

एक्सरेसटॉप नावाचं एक छोटं जुनं साधन आहे. एक्स सर्व्हरकडे कोणत्या क्लायंटनं काय काय ठेवायला दिलंय, किती खिडक्या, किती पिक्समॅप, किती केबी, हे ते टॉपसारखं दाखवतं. लॉगआउट करून पुन्हा आत आले आणि दोन तासांनी ते चालवलं. वर ब्राउझर, लिबरऑफिस, ओपनबॉक्स, ओळखीची मंडळी. आणि खाली एकसारख्या ओळींची रांग. नावाच्या जागी अज्ञात, प्रोसेस क्रमांकाच्या जागी प्रश्नचिन्ह, खिडक्या शून्य, पिक्समॅप एक, मेमरी ८१०० केबी. ८१०० केबी. ८१०० केबी. चोवीस ओळी. दोन तासांत पाच-पाच मिनिटांचे चोवीस हप्ते होतात.

प्रश्नचिन्ह का, तर त्या प्रोसेस जिवंतच नव्हत्या. मी जिवंतांचे खिसे तपासत बसले होते आणि उधारी मेलेल्यांची होती.

इथे एक्सची एक जुनी रीत सांगायला हवी. पिक्समॅप म्हणजे पडद्यावर न दिसणारं, सर्व्हरकडे ठेवायला दिलेलं चित्र. जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं जादाचं सामान मालकाच्या माळ्यावर ठेवायची, तसं. बिऱ्हाड गेलं की मालक त्याचं सामान बाहेर काढतो, हा एक्सचा नेहमीचा नियम. पण १९८७ सालच्या अकराव्या आवृत्तीच्या प्रोटोकॉलमध्येच एक अपवाद लिहिलेला आहे. जाताना बिऱ्हाडकरू सांगू शकतो, मी गेलो तरी माझी ट्रंक राहू द्या, कायमची. या सोयीचं नाव रिटेन परमनंट. ती वापरतात मुख्यतः वॉलपेपर लावणारे प्रोग्रॅम. ते येतात, पडद्याएवढं चित्र रंगवतात, ते राहू द्या म्हणतात आणि बंद होतात. चित्राचा क्रमांक पडद्याच्या मूळ खिडकीवर एक्स-रूट-पिक्समॅप-आयडी या नावानं चिकटवून जातात, म्हणजे पिकॉमसारख्यांना ते सापडतं. आणि ट्रंक माळ्यावर आहे तोवर बिऱ्हाडाची खोलीही त्याच्याच नावावर अडकून राहते. म्हणून मेमरी आणि जागा दोन्ही एकदम जात होत्या.

वॉलपेपर लावणारं माझ्याकडे काय आहे? हा प्रश्न पडायला आणि पोटात गोळा यायला एकच वेळ लागला.

२०२२ साली हौसेनं सी भाषेत मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. साध्या करड्या पार्श्वभूमीवर वार, तारीख, तिथी आणि त्या दिवशीच्या कामाच्या दोन ओळी असा वॉलपेपर रंगवायचा. अक्षरांसाठी पॅंगो आणि कैरो या तयार लायब्ररी वापरल्या, कारण त्याशिवाय जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, आणि 'क्र'चे तुकडे झालेले मला स्वतःच्या पडद्यावर खपणार नाहीत. दोन वर्षं तो लॉगइन करताना एकदा चालायचा. एक ट्रंक, एक लॉगइन. लॉगआउटला माळा रिकामा. काही बिघडत नव्हतं.

आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, प्रुफं यायला लागली तेव्हा, मी त्यात 'उरलेली पानं' हा आकडा घातला. फोल्डरमधल्या फायली मोजून तो लिहायचा. आकडा ताजा राहावा म्हणून क्रॉनटॅबमध्ये ओळ टाकली, दर पाच मिनिटांनी चालव. तीच ती वरची ओळ. ज्या फाइलीत मी पहारेकरी बसवला, त्याच फाइलीत त्याच्या डोक्यावर चोर बसला होता. कर्नल बदलून बघितला, पिकॉमला बदनाम केलं, "हल्ली काही बदललंय का?" असं भाच्यानं विचारल्यावर "काही नाही रे" म्हणाले. अपडेट काही झालं नव्हतं हे खरंच होतं. मी स्वतः केलेला बदल मला बदल वाटलाच नव्हता.

कोड उघडला. शेवटाकडे रिटेन परमनंटची ओळ, तिच्या वर माझ्याच हातची मराठी टिप्पणी: 'जुना पिक्समॅप सोडायचा. नंतर बघू.'

खात्री म्हणून प्रोग्रॅम हातानं दहा वेळा चालवला. शेमेम ८० एमबीच्या आसपास वाढला, एक्सरेसटॉपमध्ये दहा अज्ञात नवे. आता आधीच्या ट्रंका लॉगआउट न करता काढता येतील का ते बघायचं होतं. खरं तर गरज नव्हती, पण पंधरा दिवसांचा राग होता. एक्सकिल ही कमांड सगळ्यांना माहीत असते, क्लिक करून अडकलेली खिडकी मारायची. तिला क्लिकऐवजी थेट क्रमांकही देता येतो, आणि क्रमांक मेलेल्या क्लायंटच्या राहिलेल्या वस्तूचा असला तर सर्व्हर त्याचं सगळं सामान टाकून देतो. एक्सरेसटॉप प्रत्येक ओळीत त्या क्लायंटच्या क्रमांकांची सुरुवात देतं, समजा १४०००००, पण पिक्समॅपचा नेमका क्रमांक देत नाही. तो मी मूळ खिडकीवर चिकटवलेल्या चालू चित्रावरून काढला. त्याच्या शेवटी १ होता. प्रोग्रॅम दर वेळी त्याच क्रमानं तेच करतो, म्हणजे सगळ्यांचाच शेवट १ असणार. सगळ्या सुरुवाती एका फाइलीत उतरवल्या, चालू चित्राची वगळली, प्रत्येकाच्या शेवटच्या शून्याच्या जागी १ घातला आणि एका लहानशा लूपमध्ये एक्सकिलला दिल्या. शेजारच्या टर्मिनलात शेमेम आठ-आठनं घसरत जाताना बघितला. बाहेर आत्या विचारत होती, एकटी काय हसतेस म्हणून. हे करायचं तर दार बंद व्हायच्या आधी मात्र करावं लागतं. दोनशे वीस झाले की एक्सकिललाही आत यायला जागा नसते, तसंच माझ्या त्या वॉलपेपरवाल्यालाही नसायची, म्हणूनच तर पायऱ्या थांबायच्या.

दुरुस्ती वीसेक ओळींची. नवं चित्र लावण्याआधी मूळ खिडकीवरून जुन्या चित्राचा क्रमांक वाचायचा आणि तो सर्व्हरला देऊन सामान टाकायला लावायचं. यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडता पडता वाचले. तो क्रमांक एखाद्या जिवंत प्रोग्रॅमच्या चित्राचा असेल, तर किल म्हटल्यावर तो प्रोग्रॅमच मरतो. म्हणून ई-सेट-रूट या वॉलपेपर लावणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमनं दुसरं एक नाव चिकटवायची पद्धत पाडली, ई-सेट-रूट-पिक्समॅप-आयडी. दोन्ही नावांखाली एकच क्रमांक असेल तरच समजायचं की हे रीतसर मागे ठेवलेलं चित्र आहे, आणि तरच मारायचं. मी दोन्ही नावं लावते, दोन्ही तपासते. शिवाय उरलेल्या पानांचा आकडा बदलला नसेल तर प्रोग्रॅम आता एक्स सर्व्हरकडे जातच नाही, फायली मोजून परत फिरतो. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. दर पाच मिनिटांनी तोच आकडा नव्यानं रंगवण्यात काय शहाणपण होतं?

भाच्याला संध्याकाळी फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, एक्स सोडून नव्या वेलँडवर गेलीस तर हे होणारच नाही. तिथे प्रोग्रॅम मेला की त्याचं काही मागे ठेवायची सोयच नाही."

"आणि मग माझा वॉलपेपर?"

"त्यासाठी एक प्रोग्रॅम सतत चालू ठेवायचा."

"म्हणजे बिऱ्हाडकरू कायमचाच ठेवायचा."

"तसं म्हण. पण निदान तो एचटॉपमध्ये दिसेल तरी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेलँडला जाईन कधीतरी, दिवाळीनंतर असं तेव्हा म्हणाले होते.

कुंभार्ली घाट चढून परत सांगलीत आले, मॉनिटर जोडला, आणि लॅपटॉप पुढचे अकरा दिवस लॉगआउट न करता चालवला. शेमेम साडेतीनशे ते पाचशेच्या मध्ये, ब्राउझरच्या मर्जीप्रमाणे वरखाली. एक्सरेसटॉपमध्ये अज्ञात एकच, आणि तो असायलाच हवा, कारण वॉलपेपर त्याचा. अंक वेळेत छापायला गेले. 'उरलेली पानं' शून्यावर आली तेव्हा तो आकडा पडद्यावर बराच वेळ तसाच राहू दिला.

कोडमधली 'नंतर बघू' ही टिप्पणी पुसली. क्रॉनटॅबमधली शेमेम लिहिणारी ओळ मात्र काढायची राहूनच गेली आहे. परवा सहज बघितलं, तिची फाइल १ एमबीच्या पुढे गेली होती. बघू.